जसे आले तसे

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून माणूस फराळाच्या ताटाशी बसतो न बसतो, तोच मोबाइल वाजू लागतो. पणत्यांची चित्रे, लक्ष्मीची पावले, कोणा अज्ञात कवीच्या चार ओळी आणि शेवटी सहकुटुंब सहपरिवार शुभेच्छा. एकच चित्र सात ठिकाणांहून येते. आठव्या ठिकाणी ते आपण स्वतःच पाठवतो. यात कोणाचे काही बिघडत नाही. शुभेच्छा शिळ्या असल्या म्हणून त्यांतले शुभ नासत नाही. परंतु त्याच दिवशी, त्याच हातांतून आणि तितक्याच सहजतेने आणखीही काही प्रवास करीत असते. अमक्या काढ्याने मधुमेह मुळापासून जातो. तमक्या गावात परवा असे असे घडले, सावध राहा. अमुक पुढाऱ्याने असे उद्गार काढले. आणि त्याखाली पुष्कळदा एक छोटेसे वाक्य असते: ‘जसे आले तसे पुढे पाठवीत आहे.’

या वाक्याकडे आपण कधी नीट पाहत नाही. वास्तविक ते पाहण्यासारखे आहे. ‘हे मी रचलेले नाही, मी पाहिलेले नाही, खरे की खोटे ते मला ठाऊक नाही, मी आपला वाटेतला माणूस,’ एवढे सगळे त्या चार शब्दांत सांगून पाठवणारा मोकळा होतो. प्रश्न असा की, वाटेतला माणूस इतक्या सहज मोकळा होतो काय? ज्याने खोटे रचले तो दोषी, याबद्दल दुमत नाही. पण ज्याने ते नुसते पुढे दिले, आणि तेही चांगल्या हेतूने, त्याच्या वाट्याला काय येते? फेसबुक, व्हॉट्सॲप आणि त्यांच्या भावंडांनी आपल्या संसारात पुष्कळ प्रश्न आणले आहेत. मुले अभ्यास करीत नाहीत, माणसे जेवताना खाली मान घालून बसतात, हे सारे खरे आहे. परंतु ते बव्हंशी सवयीचे प्रश्न आहेत. खरा नीतीचा प्रश्न मला हा, पुढे पाठवणाऱ्याचा, वाटतो.

अफवा ही काही मोबाइलने जन्माला घातलेली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. कर्णोपकर्णी होणे, राईचा पर्वत होणे, हे शब्दप्रयोग तारायंत्राहूनही जुने असतील. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. मूळ हुकूम ‘धरावे’ असा होता आणि वाटेत कोणीतरी ‘ध’चा ‘मा’ केला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आणि ते कृत्य आनंदीबाईंचे, असेही तितक्याच खात्रीने ऐकतो. अभ्यासकांचे या कथेविषयी एकमत नाही. म्हण मात्र केव्हाच निकाल देऊन मोकळी झाली आहे. गंमत पाहा: निरोपात फेरफार केल्याने केवढा अनर्थ होतो हे सांगणारी ही म्हण, स्वतःच अडीचशे वर्षे न तपासता पुढे दिलेला एक निरोप आहे. आनंदीबाई दोषी असतील वा नसतील. परंतु एकही कागद न पाहता त्यांच्याविरुद्ध साक्ष देऊन आपण सारे बसलो आहोत.

अगदी अलीकडचे म्हणाल तर २१ सप्टेंबर १९९५ चा दिवस पुष्कळांना आठवत असेल. गणपती दूध पितो ही वार्ता त्या दिवशी पहाटे दिल्लीत उठली आणि मावळतीच्या आत देशभर पसरली. परदेशातल्या मंदिरांपुढेही रांगा लागल्या. पातळ पदार्थाच्या पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीवर ओढले जाते आणि खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी लगेच सांगितले. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हते. साधे तारेचे टेलिफोन होते, आणि तेही थोड्या घरांत. म्हणजे माणसाची हौस जुनीच आहे. मग नवे काय झाले?

माझ्या मते नवे झाले ते एवढेच की, पुढे देण्याचे श्रम गेले. पूर्वी घरोघर अधूनमधून एक पोस्टकार्ड येत असे. अमुक देवाचा महिमा त्यात लिहिलेला असे, आणि अशी अकरा पत्रे लिहाल तर भरभराट, न लिहाल तर नुकसान, अशी तंबीही असे. ते कार्ड खोटे आहे अशी शंका घरातल्या शहाण्या माणसाला यायचीच. पण ज्याला शंका येत नसे त्यालाही अकरा कार्डे विकत आणावी लागत, बसून लिहावी लागत, पत्ते आठवावे लागत. तिसऱ्या-चौथ्या कार्डाला हात दुखू लागे आणि दुखऱ्या हाताबरोबर थोडा विचारही सुरू होई. ‘हे सदाशिवभाऊंना पाठवावे की नको? ते हसतील.’ अशा रीतीने श्रम, पैसा आणि लाज या तीन चाळण्यांतून निरोप गाळला जाई. चाळण्या काही फार बारीक नव्हत्या, पण होत्या. आता त्या तिन्ही निघाल्या. अंगठा हलला की काम झाले, खर्च नाही, आणि सगळेच पाठवतात म्हणून लाजही नाही.

त्याचा परिणाम काय होतो हे शाळेतल्या फळ्यावर मांडता येते. घातांक शिकवताना मी मुलांना हेच उदाहरण देतो. एकाने पाच जणांना पाठवले. त्या पाचांनी प्रत्येकी नव्या पाच जणांना पाठवले. असे करीत गेले तर दहाव्या पायरीवर तो मजकूर ९७,६५,६२५ माणसांच्या हाती पडतो. बाराव्या पायरीवर आकडा २४ कोटींच्या पुढे जातो. आणि २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. प्रत्यक्षात तीच तीच माणसे पुन्हा भेटतात, म्हणून इतके होत नाही. परंतु वेग समजायला एवढे पुरे. मुले हा आकडा पाहून चकित होतात. मोठ्यांनी पाहिला तर त्यांना भीती वाटायला हवी.

कारण ते गणित एकदा आपल्याच महाराष्ट्रात माणसांच्या जिवावर सुटले. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी हिंडत आहे, अशा अर्थाचे मजकूर आणि चित्रफिती देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. त्यांतली एक चित्रफीत मुळात कराचीत तयार झालेली होती. मुलांना जपा, हे आईबापांना शिकवण्यासाठी एका संस्थेने केलेले ते नाट्य होते. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात आणि शेवटी ते परत आणून ठेवून उपदेशाचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उपदेश गेला, अपहरण राहिले. ‘ध’चा ‘मा’ करायला आता अक्षरही बदलावे लागत नाही. शेपूट कापले की पुरते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार होता. तेथे आलेल्या पाच अनोळखी माणसांवर मुले पळवणारे म्हणून संशय घेतला गेला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जमावाने त्यांना जिवे मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत गावोगाव हिंडणारे. ज्या महाराष्ट्रात दारी आलेल्या गोसाव्याला विन्मुख पाठवू नये असे आजीने नातवाला शिकवले, त्याच महाराष्ट्रात हे झाले. त्याच दिवशी रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने आणखी पाच जणांना घेरले होते. त्यांत दोन वर्षांचे एक मूलही होते. ते पाचही जण वाचले, कारण पोलीस वेळेवर मध्ये पडले.

ज्यांनी हात उचलला त्यांचा विचार न्यायालयाने करायचा. मी विचार करतो तो त्याआधीच्या माणसांचा. तो मजकूर राईनपाड्याच्या परिसरापर्यंत कोणी नेला? गुंडांनी नव्हे. कोणा काळजीवाहू मामाने तो बहिणीला पाठवला असेल, बहिणीने जावेला, जावेने शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर. प्रत्येकाच्या मनात आपली लेकरे होती. वाईट माणसांनी वाईट करावे याचे कोडे पडत नाही. परंतु चांगल्या माणसांच्या काळजीची बेरीज करावी आणि उत्तर पाच प्रेते यावे, हे कोडे आहे. आणि त्या साखळीतल्या एकालाही आपला त्यात काही वाटा आहे, असे आज वाटत नसेल. त्याने तर फक्त जसे आले तसे पुढे पाठवले होते.

येथे महाभारतातला एक प्रसंग आठवतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला आणि अश्वत्थामा मेला अशी आरोळी उठली. द्रोणाचार्यांनी ती ऐकली, पण त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी विचारले ते धर्मराजाला. कारण तो खोटे बोलणार नाही. धर्मराजाने होय म्हटले, आणि माणूस की हत्ती, हे शेवटी हळूच पुटपुटला. युक्ती त्याची नव्हती, आरोळीही त्याची नव्हती. त्याने केवळ आलेले पुढे दिले, आणि तळटीप जोडून आपला बचावही करून ठेवला. पण व्यासांनी ती तळटीप मानली नाही. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला.

या कथेतली खरी गोष्ट रथाची नव्हे, द्रोणाचार्यांच्या विश्वासाची आहे. त्यांनी बातमीवर विश्वास ठेवला नाही, सांगणाऱ्यावर ठेवला. आपल्या घरातही असेच होते. काढ्याचा मजकूर कोणा परक्याकडून आला असता तर आत्याबाईंनी तो वाचलाही नसता. पण तो बँकेतून निवृत्त झालेल्या, हिशेबाला चोख असलेल्या भावाकडून आला, म्हणून त्यांनी गोळी बंद करून काढा सुरू केला. पुढे पाठवणारा माणूस नुसता निरोप देत नाही. तो आपली पत त्या निरोपाला जोडतो. जन्मभर खरे बोलून जमवलेली ही ठेव आहे, आणि ती आपण कोणा अनोळखी माणसाच्या थापेला तारण म्हणून देत असतो. ‘जसे आले तसे’ लिहिल्याने तारण परत मिळत नाही.

काही जण म्हणतील की हे सारे यंत्राचे काम आहे, कोठेतरी बसलेली टोळकी यंत्रांकडून खोटे पसरवतात. तशी टोळकी आहेत. परंतु अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या तिघा संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० वार्तांचा माग काढला आणि मार्च २०१८ मध्ये आपला निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. खोटी वार्ता पुढे पाठवली जाण्याचा संभव खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक. आणि १,५०० माणसांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागतो. यंत्रांनी चालवलेली खाती बाजूला काढून पाहिले तरी फरक तसाच राहिला. म्हणजे खोट्याला पाय फुटतात ते तुमच्या-आमच्या पायांचे. खोटे नवलाचे असते, ते वाचून भीती वाटते, किळस येते, आश्चर्य वाटते. आणि नवल ऐकले की ते दुसऱ्याला सांगितल्यावाचून माणसाला राहवत नाही. खरे बिचारे बहुधा ओळखीचे असते.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे; नाहीतर हा एकतर्फी निवाडा होईल. गप्प बसणे म्हणजे नेहमीच पुण्य नव्हे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा ऑक्सिजन कोठे आहे, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, हे याच ग्रुपांवरून कळत होते आणि त्यामुळे कित्येकांचे प्राण वाचले. त्या वेळी ‘आधी खात्री करतो, मग सांगतो’ म्हणत बसणारा माणूसही दोषीच ठरला असता, असे कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. परंतु त्याच दिवसांत काय घडत होते तेही आठवावे. शिळे क्रमांक दिवसच्या दिवस फिरत होते आणि ज्याचा रोगी घरात तडफडत होता तो एकामागून एक बंद फोन लावीत होता. म्हणून काही तरुण मुलामुलींनी एक साधी रीत पाडली. यादीतला प्रत्येक क्रमांक स्वतः फिरवायचा, आणि चौकशी केल्याची वेळ त्यापुढे लिहायची. दुपारी चार वाजता विचारले, दोन खाटा आहेत. त्या एका ओळीने निरोपाचे रूप बदलले. ‘जसे आले तसे’ याच्या जागी ‘मी विचारले’ आले. घाई होती, तरीही हे जमले. किंबहुना घाई होती म्हणूनच ते करणे भाग होते.

मुले पळवणाऱ्यांच्या वार्तेलाही हीच कसोटी लावता येते. शेजारच्या गावात टोळी आली आहे, यावर माझा खरोखर विश्वास असेल तर मी काय करीन? पोलीस ठाण्यात जाईन, मुख्याध्यापकांना भेटेन, मुलीला स्वतः शाळेतून आणीन. यातले काहीच न करता मी नुसता अंगठा हलवीत असेन, तर माझा त्या वार्तेवर विश्वासही नाही आणि अविश्वासही नाही. मग ज्याच्यावर आपला विश्वास नाही, ते दुसऱ्याला विश्वासाने का द्यावे?

राहिला प्रश्न कंपन्यांचा आणि सरकारचा. त्यांची जबाबदारी मोठी आहे यात शंका नाही. आपण पडद्याला जितके खिळून राहू तितकी यांतल्या पुष्कळांची जाहिरातींची मिळकत वाढते, हा त्यांचा व्यवहार आहे. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले. जानेवारी २०१९ मध्ये ते जगभर लागू केले. आणि एप्रिल २०२० पासून पुष्कळदा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कुंपण घातले हे चांगलेच झाले. परंतु दुसऱ्याची जबाबदारी मोठी असली म्हणून माझी नाहीशी होत नाही. वाल्या कोळ्याने घरी जाऊन विचारले होते, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात ना? घरच्यांनी नाही म्हटले आणि त्याचे डोळे उघडले. आपली गोष्ट याहून अवघड आहे. वाल्याला निदान विचारायची बुद्धी झाली आणि त्याच्यापुढे भरलेले रांजण तरी होते. आपला रांजण शेकडो जणांच्या ग्रुपात मिळून भरतो. प्रत्येकाने एकच खडा टाकलेला असतो, आणि एका खड्याने काय होते, असे प्रत्येकाला वाटते.

या उपदेशाला घरात मात्र एक नाजूक अडचण आहे. चुकीचा मजकूर पुष्कळदा वडीलधाऱ्यांकडून येतो. पुतण्या म्हणतो, ‘काका, ते औषधाचं खरं नाही हो.’ काका म्हणतात, ‘अरे, मला आलं म्हणून पाठवलं. असलं खरं तर कुणाला तरी उपयोग होईल.’ यावर सगळ्यांदेखत वाद घालणे बरे दिसत नाही, आणि गप्प राहणेही बरे नव्हे. एवढे लक्षात ठेवावे की काका खोटेपणा करीत नसतात. मुले पुण्याला नाही तर परदेशी, दुपार लांबच लांब, आणि हातात हे एक यंत्र. सकाळी पाठवलेला मजकूर म्हणजे पुष्कळदा ‘मी आहे, तुमची आठवण आहे’ एवढेच असते. त्याला हसणारी तरुण मंडळी नुसता अंगठा दाखवून जबाबदारी संपवतात, तेव्हा दोघेही सारखेच चुकतात. ग्रुपात खोडून काढण्याऐवजी पुतण्याने संध्याकाळी फोन करावा. ‘काका, पाय कसा आहे? आणि हो, तो काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाला सांगू नका बरं का.’ काकांना बोलायला माणूस मिळेल, तर उद्या चार मजकूर कमी निघतील.

आणि यात निराश व्हायचे कारण नाही, कारण फळ्यावरचे ते गणित उलटेही चालते. ज्या पाच जणांना मजकूर आला, त्यांतल्या चौघांनी हात आवरला आणि एकानेच पुढे पाठवला, तर दर पायरीला पाचच माणसे वाढतात. दहाव्या पायरीवर सुमारे ९८ लाखांच्या जागी पाचच माणसांच्या हाती तो पडतो. तो पाचवाही अधूनमधून थांबला, तर मजकूर आपोआप विझतो. त्यासाठी साऱ्या समाजाने संत व्हायला नको. पाचांतल्या चौघांनी, पाठवण्यापूर्वी, याखाली मी माझे नाव लिहीन काय, एवढे स्वतःला विचारले म्हणजे झाले. दुकानदार पाचशेची नोट गल्ल्यात टाकण्यापूर्वी क्षणभर उजेडाकडे धरून पाहतो. त्यात गिऱ्हाइकाचा अपमान नसतो आणि दुकानदाराचा वेळही जात नाही. खोटी नोट आपल्या हातून दुसऱ्याकडे जाऊ नये, एवढीच ती काळजी असते.

या दिवाळीत निदान एका माणसाला आलेले चित्र पुढे न पाठवता स्वतःचे दोन शब्द लिहून पाठवावेत. अक्षरे चुकतील, कवितेसारखे काही साधणार नाही. ‘वहिनी, गेल्या वर्षीच्या तुमच्या चकल्या अजून आठवतात,’ एवढेच लिहावे. ते कोणाकडून आले, खरे की खोटे, असा प्रश्न वहिनींना पडणार नाही. आणि ते जसे आले तसे पुढे पाठवावे असेही त्यांना वाटणार नाही. त्या ते ठेवून घेतील.